सुलतान बाजार : चार भाषांचा मोहल्ला

बिदर, भालकी, औराद, उदगीर, देगलूर या पट्ट्यातील जुन्या माणसांच्या तोंडी 'हैदराबादला जाऊन आलो' याचा अर्थ बहुधा एवढाच असे की, कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी आणि काचीगुडा या मोहल्ल्यांत जाऊन आलो. चारमिनार पाहणे हा पाहुण्यांचा उद्योग. आपल्या माणसाचे काम मुसी नदीच्या अलीकडच्या काठाला असे. लग्नाचा बस्ता बांधायचा तो सुलतान बाजारात, मुलाची जुनी पुस्तके घ्यायची ती कोठीच्या फूटपाथवर, वकिलाला भेटायचे ते बडी चावडीच्या एखाद्या माडीवर, आणि मुक्काम कुणा नातेवाइकाकडे काचीगुड्यात. परतताना गौलीगुड्याच्या त्या पत्र्याच्या अवाढव्य, कमानदार शेडखाली मोटारीची वाट पाहायची. ती शेड २०१८ साली कोसळली आणि तिच्याबरोबर दोन पिढ्यांच्या प्रवासाची एक खूण गेली.

या मोहल्ल्यांचा इतिहास आपण सीमाभागातील मराठी माणसांनी जरा बारकाईने वाचावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. त्यात आपल्या अभिमानाचे पुष्कळ काही आहे. आणि एक प्रसंग असाही आहे की जो आपण सहसा सांगत नाही.

आधी या वस्तीचा जन्म पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुसीच्या उत्तर तीरावर इंग्रज वकिलाची म्हणजे रेसिडेंटाची प्रचंड कोठी उभी राहिली. रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने १८०३ च्या सुमारास बांधकामाला हात घातला. तिच्या जागेविषयी एक गोष्ट हैदराबादेत अजून सांगतात. कर्कपॅट्रिकने जागेचा नकाशा भल्यामोठ्या कागदावर काढून निजामापुढे ठेवला, तेव्हा निजामाने साफ नकार दिला. कारण राज्याचे नकाशेही त्याने एवढ्याच आकाराचे पाहिलेले! पुढे तोच नकाशा एका लहानशा कार्डावर काढून नेला आणि जागा तत्काळ मिळाली. गोष्ट खरी असो वा रचलेली, दरबार आणि कंपनी यांचे नाते तीत नेमके उतरले आहे. त्या इमारतीवरूनच भागाला 'कोठी' हे नाव पडले. स्वातंत्र्यानंतर तेथे मुलींचे महाविद्यालय आले आणि आता तेथे महिला विद्यापीठ आहे.

कोठीच्या भोवती जो बाजार वसला तो रेसिडेन्सी बाजार. या बाजाराची खुबी अशी की, शहर निजामाचे असूनही येथील अंमल रेसिडेंटाचा होता. निजामाचे कोतवाल, निजामाचे न्यायाधीश यांची सत्ता या हद्दीच्या आत चालत नसे. सावकारांनी हे फार लवकर ओळखले. दरबारातील उमराव कर्ज घेत, पण वसुलीला गेलेल्या सावकारामागे अरब शिपाई लागण्याचा संभव असे. रेसिडेन्सीच्या सावलीत पेढी असली की निदान रात्रीची झोप लागत असे. गुजराती, मारवाडी, तेलुगू, दक्षिणी अशा नाना प्रकारच्या व्यापाऱ्यांनी म्हणून येथे दुकाने आणि घरे थाटली.

अर्थात सावलीत राहणाऱ्याला सावलीचा रागही सोसावा लागतो. १७ जुलै १८५७ च्या संध्याकाळी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पुढारपणाखाली रोहिल्यांच्या जमावाने रेसिडेन्सीवर हल्ला केला, तो पुतळी बावडीच्या बाजूने. जयगोपालदास नावाच्या सावकाराचे आणि अब्बनसाहेबांचे अशी दोन घरे ताब्यात घेऊन त्यांनी तेथून गोळीबार केला. तोफांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला, मौलवींना अंदमानात धाडले. कोठीतील एका रस्त्याला आज तुर्रेबाज खानाचे नाव आहे. आपण बस्ता बांधायला त्याच रस्त्याने जातो, पण पाटी वाचीत नाही.

१९३३ साली रेसिडेन्सी बाजार निजामाकडे परत आला आणि त्याचा 'सुलतान बाजार' झाला. पण तोपर्यंतच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या एवढ्याशा भागाने जे कमावले ते साऱ्या संस्थानाला पुरले. निजामाच्या मुलखात सभा भरवायची म्हणजे परवानगी, संस्था काढायची म्हणजे परवानगी, खासगी शाळा काढायची म्हणजे संशय. सभाबंदीची ती 'गश्ती निशान ५३' आपल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींतून पुन्हा पुन्हा भेटते. रेसिडेन्सीच्या हद्दीत आणि तिच्या आसपास मात्र श्वास घ्यायला थोडी जागा होती. १८९२ साली हैदराबादेत आर्य समाज स्थापन झाला आणि त्याचे ठाणे येथेच, सुलतान बाजारात राहिले. त्याच्या छत्राखाली मराठी मंडळी किती जमली! परभणीकडून आलेले वकील केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, काही वर्षे येथे राहिलेले चित्रकार आणि पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून देशभर गाजलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. कोठीलगत जामबागेत विवेकवर्धिनी पाठशाळा उभी राहिली, ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्याच सुमारास, १९०७ मध्ये, केशवराव कोरटकरांनी आणि विठ्ठलराव देऊळगावकरांनी गुलबर्ग्यास नूतन विद्यालय काढले. कानडी मुलखाच्या मध्यावर मराठी माणसांनी उभारलेली ही शाळा! आमच्या भागातील कितीतरी कानडी घरांतील थोर मंडळी तेथे शिकली हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

रेल्वेनेही हातभार लावला. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद या मार्गाने येणारी मीटरगेज गाडी १९०० च्या सुमारास हैदराबादपर्यंत आली, आणि १९१६ साली काचीगुड्याचे देखणे स्टेशन बांधून झाले. मराठवाड्यातून येणारा विद्यार्थी, कारकून, अर्जदार काचीगुड्याला उतरू लागला. माणूस जेथे उतरतो तेथून फार लांब घर पाहत नाही, असा माझा अनुभव आहे. इसामिया बाजार, काचीगुडा, बडी चावडी, पुढे बरकतपुरा असे मराठी बिऱ्हाडांचे पट्टे पडत गेले, त्याचे एक कारण हे स्टेशन असावे. १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि या बिऱ्हाडांना विद्यार्थ्यांची नवी भरती मिळाली. चिं. नी. जोशी, नारायणराव नांदापूरकर यांच्यासारखे मराठीचे प्राध्यापक तेथे शिकवीत. नांदापूरकर हे नरहर कुरुंदकरांचे मामा, आणि कुरुंदकर ऐन उमेदीत याच शहरात घडले. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. थोडक्यात, मुंबई-पुण्याबाहेर मराठीचे एखादे राजधानीतले घर कोठे असेल तर ते येथे होते.

येथवरचा इतिहास आपण आनंदाने सांगतो. आता तो दुसरा प्रसंग.

नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या थिएटरात निजाम राज्य सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षण, समाजसुधारणा हे विषय. पाच वर्षांपूर्वी महिला विद्यापीठ काढणारे कर्वे व्यासपीठावर. श्रोत्यांत संस्थानातील सुशिक्षितांची फळी. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग आलंपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील बोलायला उठले आणि त्यांनी आपल्या मातृभाषेत, तेलुगूत, बोलायला सुरुवात केली. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पिटल्या गेल्या, गलका झाला. वेंकटरामारावांना बोलू दिले गेले नाही. हसणाऱ्यांत मराठी श्रोते पुढे होते.

त्याच रात्री, १२ नोव्हेंबरला, टेकुमाळ रंगाराव यांच्या घरी मूठभर तेलुगू मंडळी जमली आणि 'आंध्र जनसंघम्' या संस्थेचा जन्म झाला. माडपाटी हनुमंतराव तिचे आधारस्तंभ बनले. संस्थेतून आंध्र महासभा निघाली. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठला सुरवरम् प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. वाचनालये, शाळा, खेड्यातील वेठीविरुद्धची चळवळ आणि अखेर तेलंगणातला सशस्त्र लढा, एवढी मोठी पुढची परंपरा त्या एका रात्रीच्या बैठकीपर्यंत जाऊन पोहोचते. आज तेलंगणात स्पर्धा परीक्षेला बसणारा कोणताही विद्यार्थी ही तारीख पाठ करतो. आपल्याकडच्या ज्या ग्रंथांतून मी हैदराबादचा मुक्तिलढा वाचला, त्यांत मात्र ही हकीकत कोठे आलीच तर ओळ-दोन ओळींत उरकलेली आढळते. हसणाऱ्याच्या स्मरणात हसणे राहत नाही, हेच खरे कारण असावे.

हे का घडले, याचा विचार करू लागलो की प्रकरण वाटते तितके सरळ राहत नाही. संस्थानाचे सोळा जिल्हे : आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. लोकसंख्येत जवळजवळ निम्मे तेलुगू भाषक, सुमारे चौथा हिस्सा मराठी, आणि कानडी व उर्दू यांचा वाटा ढोबळमानाने प्रत्येकी दहा-बारा टक्के. राज्यभाषा उर्दू. म्हणजे अन्याय तर तेलुगू, मराठी, कानडी या तिन्ही भाषांवर होत होता. परंतु मराठी माणसाच्या पाठीशी पुणे होते. तेथील वृत्तपत्रे, तेथील महाविद्यालये, तेथील सभांचे वळण त्याला आयते मिळाले होते. रेसिडेन्सी बाजारातील सार्वजनिक जीवन म्हणूनच बरेचसे मराठी वळणाचे झाले. शहरातील शिकलेला तेलुगू माणूस स्वतःदेखील चारचौघांत उर्दू बोले. तेलुगू ही घरात, शेतात आणि बाजारात बोलायची भाषा, असा समज इतका मुरलेला होता की ती व्यासपीठावर ऐकू येताच लोकांना विनोद झाल्यासारखे वाटले.

आणि हे वाटणारे लोक कोण? उर्दूच्या वरवंट्याखाली आपली मराठी चिरडली जाते म्हणून रोज तक्रार करणारे. ही गोष्ट मला सर्वात अधिक टोचते. सीमाभागात एखाद्या कचेरीतून मराठी अर्ज परत आला की आपल्या मनाला जी झोंबणी लागते, ती आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या सायंकाळी आलंपल्ली वेंकटरामाराव थिएटरातून बाहेर पडले असतील तेव्हाची त्यांच्या मनाची अवस्था ओळखायला आपल्याला कोणताही ग्रंथ उघडण्याची गरज नाही. व्यासपीठावरची मंडळी वाईट होती असे मुळीच नाही. विधवाविवाहासाठी वाळीत पडणे सोसलेले कर्वे तेथे होते. सुधारणेचा एवढा मोठा मेळा भरला असताना शेजारच्या भाषेचा मान हा सुधारणेचा विषय आहे, हे त्या सभेच्या ध्यानी आले नाही, एवढेच.

याला एक विलक्षण पार्श्वभूमीही आहे. या परिषदेच्या वीस वर्षे आधी, १ सप्टेंबर १९०१ रोजी, याच रेसिडेन्सी बाजारात 'श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम्' हे निजाम राज्यातील पहिले तेलुगू ग्रंथालय उघडले होते. त्याच्या संस्थापकांपैकी एक कोमर्राजू लक्ष्मणराव. हे गृहस्थ नागपुरास शिकलेले. मराठी त्यांना तेलुगूइतकीच अवगत होती आणि मराठी नियतकालिकांत त्यांनी लेखनही केले होते. मराठी भाषेत ज्ञानाची जी खटपट चालू होती ती त्यांनी जवळून पाहिली, आणि तसेच काही तेलुगूत व्हावे म्हणून पुढे ग्रंथमाला काढली, तेलुगू ज्ञानकोशाचे काम अंगावर घेतले. म्हणजे मराठीपासून उमेद घेऊन तेलुगूचे पहिले दार येथे उघडले गेले, आणि वीस वर्षांनी मराठी श्रोत्यांनीच ते लोटू पाहिले.

सुदैवाने तेलुगू मंडळींनी मराठीशी वैर धरले नाही. आंध्र जनसंघाच्या कामात पुढे आलेले बुर्गुल रामकृष्णराव हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पदवीधर. मराठी त्यांना उत्तम येत असे. १९५२ साली ते हैदराबाद राज्याचे निवडून आलेले मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते दिगंबरराव बिंदूंकडे होते आणि केशवराव कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकारही मंत्री होते. १९३८ च्या 'वंदे मातरम्' चळवळीत उस्मानियातून काढून टाकलेला एक तेलुगू विद्यार्थी शिक्षणासाठी नागपूर-पुण्याकडे आला. त्याने पुढे ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'चा तेलुगू अनुवाद केला. तो विद्यार्थी म्हणजे पी. व्ही. नरसिंहराव, देशाचे पुढचे पंतप्रधान. तेलुगूचा उपहास पुरता थांबला होता असे मात्र नाही. तेलंगणात कवीच नाहीत, असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा 'गोलकोंडा पत्रिके'च्या सुरवरम् प्रतापरेड्डींनी वाद घालण्याऐवजी १९३४ साली ३५४ कवींचा संग्रहच छापून पुढ्यात ठेवला. उत्तर द्यावे तर असे!

आपली स्वतःची संघटना व्हायला मात्र वेळ लागला. ज्या मराठी मंडळींची सभांवर एवढी छाप होती, त्यांची महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूरला भरली, म्हणजे आंध्र जनसंघानंतर सोळा वर्षांनी. दुसऱ्याला हसणाऱ्याला आपली घडी बसवायची निकड वाटत नाही, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

लढ्याच्या काळात मात्र या मोहल्ल्यांनी भाषेचा भेद मागे टाकला. १९३८ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, पहिली तुकडी गोविंदराव नानलांची. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सुलतान बाजारात तिरंगा फडकला आणि त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. हे स्वामीजी जन्माने विजापूरकडील सिंदगीचे, कर्माने हिप्परगा-अंबाजोगाईचे, त्यामुळे कानडी आणि मराठी दोघेही त्यांना आपले म्हणतात. ४ डिसेंबर १९४७ रोजी किंग कोठीच्या रस्त्यावर निजामाच्या मोटारीवर बाँब फेकणारा नारायणराव पवार हा आर्य समाजाच्या मुशीतला तरुण. आणि या भागातील सर्वात मोठे बलिदान एका उर्दू पत्रकाराचे आहे. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान. वय ऐन तारुण्याचे. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री काचीगुड्यात, चप्पल बाजाराजवळ, घरी परतताना रझाकारांनी त्यांना गाठले, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. त्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करणारा, म्हणजे आपल्याच बाजूचा. महिन्याच्या आत संस्थान खालसा झाले. शोएबुल्ला खानांचे नाव आपल्या मुलांच्या कानी निदान सतरा सप्टेंबरला तरी पडावे, म्हणून मी शाळेत ते दरवर्षी घेतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची तीन शकले झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तीन जिल्हे म्हैसूरकडे गेले, तेलंगण आंध्रात मिळाला. आमच्या एकट्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले : उदगीर, अहमदपूर, निलंगा एकीकडे, बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद दुसरीकडे, जहिराबाद, नारायणखेड तिसरीकडे. सुलतान बाजारातील मराठी बिऱ्हाडांपुढे प्रश्न उभा राहिला की, आता आपण कोठले? सरकारी नोकरांपैकी अनेकांनी मुंबई राज्य पत्करले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि काचीगुड्याला उतरणारे विद्यार्थी तिकडे वळले. जे राहिले ते वकील, शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी. त्यांच्या मुलांची शाळेतली भाषा इंग्रजी झाली, रस्त्यावरची तेलुगू आणि दखनी. मराठी आजीपुरती उरली. हे लिहिताना सूर रडका होतो आहे याची मला जाणीव आहे, परंतु आमच्या बाजूच्या गावांतही याहून निराळे चाललेले नाही.

तरीही राहिलेल्यांनी काही नेटके उभे केले. इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय चालविले, मराठी साहित्य परिषद चालविली, आणि परिषदेमार्फत 'पंचधारा' नावाचे नियतकालिक काढले. नावातच पाच धारा आहेत : मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी. या शेजारच्या भाषांतील साहित्य मराठी वाचकांना आणून द्यावे ही त्यामागची भूमिका. ज्या वस्तीत १९२१ साली तेलुगूला हसे झाले, त्याच वस्तीतील मराठी माणसे पुढे तेलुगू कवितांची भाषांतरे छापू लागली. याची बातमी कोणी केली नाही, आणि माझ्या मते परिषदांच्या ठरावांपेक्षा हे काम मोठे आहे.

आता २०२० पासून सुलतान बाजारावरून मेट्रो धावते. तिच्यासाठी बडी चावडीतील कित्येक दुकानांचे दर्शनी भाग पाडले गेले आणि व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा दिला. खांबांखालच्या गर्दीत बांगड्या, साड्या, पुस्तके यांचा व्यापार मात्र पूर्ववत चालू आहे.

तेलंगण राज्य ९ सप्टेंबर हा तेलुगूच्या तेलंगणी बोलीचा दिवस म्हणून पाळते. तो कवी काळोजी नारायणराव यांचा जन्मदिवस. काळोजींचा जन्म १९१४ चा, विजापूर जिल्ह्यातील रट्टीहळ्ळीचा. आई कानडी, वडील मराठी. थोरले बंधू रामेश्वरराव उर्दूत शायरी करीत. स्वतः काळोजींना मराठी, कानडी, उर्दू, हिंदी सर्व येत असे. लिहिण्यासाठी त्यांनी निवडली ती वरंगळच्या खेड्यापाड्यातील माणसाच्या तोंडची तेलुगू.